पाणचक्कीतलं स्टूल

राधानगरीकडच्या एका ओढ्यावर जुनी दगडी पाणचक्की आहे. मी तिची मोजमापं घ्यायला जायचो, तेव्हा शेजारच्या शेतातले एक म्हातारे कुलूप काढून द्यायचे. आत शिरताना चपला बाहेर ठेवायचे. "चाकाखालनं पाणी जायाचं की. वर नाचणी दळून निघायची की," असं दर खेपेला सांगायचे.

एकदा तुळईचा फोटो काढायला मी बूट घालूनच चक्कीच्या दगडावर चढलो. मी उतरल्यावर त्यांनी डोक्याचा पटका सोडून दगड पुसला आणि दगडाला हात लावून तो कपाळाला टेकवला.

पुढच्या वेळी दगडाशेजारी त्यांच्या घरचं स्टूल होतं.

"छप्पर लई उंच हाय, पावणं. हात पुरत न्हाय की तुमचा."

त्यांनी पाठ फिरवल्यावर मी बूट काढले.