मळ्याचं पाणी

मासा हातात दिला की तो कुठल्या पाण्यातला, हे नाना सांगत. डोळे गेले होते. बोटं आधी माशाच्या पोटावरून फिरत, मग ओठांवर थांबत. "पोट चपटं, ओठ खरबरीत. ह्यो धारंतला. दगड धरून ऱ्हायला शिकलेला. गाळातला गुबगुबीत असतोय, त्याला कशाची ओढाताण?"

कोडोलीजवळ वारणेत मासे धरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नजर गेल्यावर ते शहरात, मंगळवार पेठेत मुलीकडे, सुनीताकडे आले. मी शेजारी. मला ते 'पेपरवाले' म्हणत आणि वाचून दाखवलेल्या बातमीत चूक काढत. "नदीत मासा घावला म्हणं. नदीत कुटं? धारंत, डोहात, का काठाच्या मुळ्यांत? त्याला घर नगं व्हय?"

पुढे त्यांच्या मासे धरायच्या जागेच्या खालच्या अंगाला बंधारा झाला. त्याच्या दारांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबे आणि दगडांवर गाळ बसे. दगडाला चिकटून राहणारा बोटभर मळ्या मासा तिथून नाहीसा झाला, गाळातली चिलापी मासळी वाढली. नानांना हे कुणी सांगितलं नाही. "त्या पाण्यावर जीव हाय त्यांचा," सुनीता म्हणाली. "कळलं तर जेवणार न्हाईत."

मी कामाला मलकापूरला जाई. येताना तिथल्या, पुढे कोडोलीच्या वरच वारणेला मिळणाऱ्या कडवी नदीतले मळ्ये आणू लागलो. सुनीता ते कोडोलीचे म्हणून त्यांच्या हातात ठेवी.

तिसऱ्या खेपेला बोटं माशावर बराच वेळ राहिली.

"पेपरवाले, कडवीचं पाणी अजून आवाज करतंय का?"

सुनीताचा भाकरीवरचा हात थांबला. मी हो म्हणालो.

"किती खोल?"

"घोट्याएवढं. मधे गुडघाभर."

"दगड?"

"हिरवे. निसरडे."

नानांनी डोळे मिटले. त्यांची मान सावकाश हलत राहिली, पाणी अंगावरून जात असावं तशी.

"हे कोडोलीचं मासं न्हवंत, त्ये मला पयल्या दिवशीच कळलं. तिथलं पाणी अडवलंय, त्येबी वळखलं."

"मग बोलला न्हाईसा," सुनीता म्हणाली.

"ल्हानपणापास्नं तुला खोटं जमत न्हाय. म्हटलं, शिकतीया तर शिकू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पन कडवीतलं मासं आता आणू नगा. पावसाळ्यात बरगे काढत्यात, तवा नदी पळती. वरचं मासं वाचलं तर खाली कोडोलीला येतील की."

नाना उन्हाळ्यात गेले. पावसाळा ओसरल्यावर, बरगे पुन्हा घालायच्या आधी, सुनीता आणि मी कोडोलीला गेलो. पाणी अजून गढूळ होतं, मासा दिसला नाही. सुनीता चप्पल काढून धारेत उतरली आणि पायाने तळ चाचपत उभी राहिली.

"गाळ गेलाय," ती म्हणाली. "दगड लागतोय."