पूजा झालेली बोट

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका जुन्या मोटरबोटीचं प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोक्यात आहे. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली ती आतल्या पानावर, चार ओळींची.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. आमच्या हद्दीतल्या गावांनी आधीच्या पुरात बरंच सोसलं होतं. सरकारी बोट पोहोचेपर्यंत मळ्यातल्या वस्त्या तुटतात, हे लोकांना कळून चुकलं होतं. म्हणून काही गावं आपली स्वतःची बोट घेऊ लागली. नवी आवाक्याबाहेरची, त्यामुळे जुनी.

जुलैतल्या एका सकाळी इस्लामपूरच्या एका मिस्त्रीचा ठाण्यात फोन आला. पाण्याच्या पंपांची आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हा साठीचा माणूस फार कमी बोलायचा.

"साहेब, तुमच्याकडच्या गावाची बोट सर्व्हिसिंगला आलीया. जरा येऊन बघा. फोनवर न्हाई सांगत."

आम्ही गेलो तेव्हा फायबरची ती निळी बोट त्याच्या गॅरेजपुढे जुन्या टायरांवर उपडी ठेवली होती. चोरीचं इंजिन असेल असं मला वाटलं होतं. मिस्त्रीनं मान हलवली. "इंजिन झ्याक हाय. हिकडं बघा." तो बोटांच्या पेरांनी तळ ठोकत मागे मागे सरकत गेला. टणटण आवाज येत होता, आणि एका ठिकाणी तो एकदम भद्द झाला. त्यानं पत्र्याच्या तुकड्यानं तिथला नवा रंग खरवडला. खाली दोन वितींचं ठिगळ निघालं आणि ठिगळाखालून बाहेर डोकावणारी जुनी चीर. मग मागची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, तिच्यात त्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला. तो कुजक्या ढलपीत जावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

"संथ पान्यात चार मानसं बसली तर काय हुनार न्हाई," तो म्हणाला. "भरल्या नदीत आट-धा बसू द्या, हे ठिगळ सुटनार. जुनी बोट घ्यायची तर आदी उपडी करून ठोकायची. मग मानसांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून आर्धा तास पान्यात सोडायची आन् तळ बगायचा. इंजिन सगळ्यात शेवटी."

दोन पंच बोलावून जागेवरच पंचनामा केला. गावाच्या वतीनं बोट पारखून घेतली होती एका निवृत्त सुभेदारांनी. त्यांनाही बोलावलं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, सगळी पायदळात, निम्मी वाळवंटात आणि निम्मी बर्फात. ठिगळ त्यांनी हातानं चाचपून पाहिलं. मिस्त्रीकडे बसायला स्टूल मागितलं.

बोट पारखली कशी, हे त्यांच्या जबाबात आलं. आमच्याकडचा शेतकरी जुना ट्रॅक्टर कसा घेतो? चालू करतो, कान देऊन ऐकतो, धुराचा रंग बघतो. बोटही तशीच बघितली गेली. विकणाऱ्यानं ती मुहूर्त साधून सकाळीच आणली आणि म्हणाला, वेळ टळायला नको, आधी पूजा करून घेऊ, मग चालवून बघा. बायकांनी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फुटला, हार पडला. मग उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यात चार माणसांनी दोन फेऱ्या मारल्या.

"तळ बघितला नाही?" मी विचारलं.

"पूजा झाल्याली बोट उपडी कोन करनार, साहेब? आवं, हार घातल्याला असतोय. लोक काय म्हनतील?"

शेवटी एका कागदावर 'बोट तपासून, चालवून, खात्री करून घेतली' असं लिहून विक्रेत्यानं त्यांची सही घेतली होती. त्याच दुपारी फसवणुकीचा आणि जीवित धोक्यात घालण्याचा गुन्हा दाखल केला आणि विक्रेता सातारा जिल्ह्यातला होता म्हणून त्याच्या नावानं साताऱ्याला बिनतारी संदेश पाठवला.

उत्तर संध्याकाळच्या आत आलं. हा इसम धरणाच्या फुगवट्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवायचा. खडकावर आदळून निकामी झालेल्या दोन बोटी त्यानं भंगारात उचलल्या होत्या.

दोन. आमच्याकडे एक होती. दुसरीही अशीच रंगवून कुठल्यातरी गावाला दिली असणार आणि त्या गावाला याची गंधवार्ता नसणार. धरणातून विसर्ग वाढवणार असल्याचा इशारा त्याच दिवशी आला होता. फसवणुकीचा तपास महिनाभर चालला तरी चालतो. ही दुसरी बोट मात्र माणसं तिच्यात बसायच्या आत सापडायला हवी होती.

माझ्या पथकानं दुसऱ्या दिवशी सकाळी विक्रेत्याला आणलं. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. असे लोक दमदाटीला बधत नाहीत, उलट दमदाटी झाली की त्यांना बरं वाटतं, कारण नंतर वकिलाला सांगायला काहीतरी मिळतं. मी त्याला चहा दिला आणि 'अहो-जाहो'नं बोललो. दुसरी बोट कुठे, एवढाच माझा प्रश्न होता.

"दुसरी मोडीत काढली, साहेब," तो म्हणाला. मोड कुठे विकली? आठवत नाही. कुणाला? फिरता भंगारवाला होता.

दोन तास गेले. पाऊस थांबत नव्हता. शेवटी मी आवाज चढवला की, माणसं बुडाली तर तुम्हाला झोप लागेल का. त्यानं कप खाली ठेवला.

"साहेब, मी काही लपवून विकली नाही. त्यांनी बघितली, चालवली. तुम्ही स्वतः बसला होता की बोटीत."

हे मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण लिहायला जड जात होतं. त्या पूजेला प्रमुख पाहुणा मीच होतो. नारळ मी फोडला होता. दुसऱ्या फेरीला लाइफ जॅकेट घालून बोटीत बसलो होतो आणि उतरल्यावर दोन शब्दही बोललो होतो. मी उठून बाहेर आलो.

बाहेर माझे जुने हवालदार डायरी लिहीत बसले होते. त्यांनी आतलं सगळं ऐकलं होतं. मान वर न करता ते म्हणाले, "साहेब, त्या गावाच्या कमानीवर तुमचा फोटू आजून हाय."

"कसला फोटो?"

"फ्लेक्सवर. बोटीचं आगमन म्हनून. तुमी, सुभेदार आन् बोट."

आमच्याकडे गावात बैल शर्यत जिंकून आला तरी फ्लेक्स लागतो, मग बोट आल्यावर लागणार नाही असं कसं होईल? विक्रेता बोलला नाही तरी चालेल, दुसरी बोट घेतलेलं गाव कुठल्यातरी चौकात स्वतःच बोलून बसलेलं असणार.

हवालदारांनी फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांना फोन लावायला सुरुवात केली. इस्लामपूर झालं, पलूस झालं. कराडच्या एका दुकानदारानं पाच मिनिटांत कॉम्प्युटरमधला फ्लेक्स मोबाईलवर पाठवला. निळी बोट, हार, फेटे बांधलेली दहा-बारा मंडळी आणि खाली लाल अक्षरात गावाचं नाव. सातारा जिल्ह्याच्या हद्दीत, नदीच्या वरच्या अंगाला.

मी मोबाईल विक्रेत्यासमोर धरला. त्यानं तो डोळ्यांजवळ ओढून पाहिला आणि म्हणाला, "तीच हाय." त्याचं शुद्ध बोलणं तेवढ्यापुरतं सुटलं होतं. पुढे पूर्ण जबाबात त्यानं एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलेलो नाही. "मी गावात गेलो की आधी विचारतो, तुमच्यात जाणकार कोण? चारचौघांत त्याला पुढं केलं, की तो मग काही विचारत नाही."

त्या गावच्या सरपंचांचा फोन वाजत राहिला, उचलला जात नव्हता. तिकडच्या ठाण्याला कळवलं, पण त्यांची सगळी माणसं पुलावर बंदोबस्ताला गेली होती. आम्ही जीप काढली. पंचनाम्याच्या कागदांसाठी आलेले सुभेदार न विचारता मागे चढून बसले. मीही त्यांना उतरवलं नाही.

पोहोचायला सव्वा तास लागला. नदी पात्र सोडून उसात शिरली होती. काठावर शे-दीडशे माणसं उभी होती आणि ती निळी बोट पलीकडच्या वस्तीवरून निघून पाण्याच्या मध्यावर आली होती. आत नऊ माणसं मी मोजली.

सरपंच पुढे आले. "काय झालं, साहेब? दुसरी फेरी हाय ही. आजून अकरा मानसं राहिल्यात वस्तीवर."

मी हात वर करून ओरडणार, तोच सुभेदारांनी माझा दंड धरला. "हाका मारू नका. घाबरून मानसं हलली तर ठिगळ जाईल."

मग आम्ही फक्त बघत राहिलो. चौतीस वर्षांत बऱ्याच ठिकाणी हतबल उभा राहिलो, पण त्या पाच-सात मिनिटांत मला जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नाही. बोट जवळ आली तशी एक म्हातारी दिसली. ती तांब्यानं बोटीतलं पाणी बाहेर टाकत होती, अगदी सावकाश, घरात रांजण धुवावा तशी.

माणसं उतरली तेव्हा आत पोटरीएवढं पाणी होतं. बोट चालवणारा हसत म्हणाला, "लय पाऊस साठलाय आत." इंजिन उतरवून आम्ही ती तिथंच काठावर उपडी केली. ठिगळाची एक बाजू सुटली होती आणि फटीतून माझी तीन बोटं आत जात होती.

आता तरी लोक थांबतील असं मला वाटलं. पण तसं झालं नाही. काठावरच्यांची माणसं पलीकडे अडकली होती. बचाव पथकाची रबरी बोट निघाली असल्याचं आम्ही सांगितलं, पण ती कधी येणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. "दोन फेऱ्या झाल्या की, तिसरी बी हुईल," कुणीतरी म्हणालं. कुणी पोत्याचे बोळे कोंबायला आणले. "आमच्या गुरुजींनी तपासून घेतलीया बोट, तवा काय बघितलंच नसंल व्हय?" असंही एकजण म्हणाला. मी कायद्याचं बोललो, तर ते वाऱ्यावर गेलं.

तेव्हा सुभेदार बोटीसमोर जाऊन उभे राहिले. आवाज न चढवता बोलले.

"आमच्या गावाची बोट मी पास केली. सही माझी हाय. मला बोटीतलं काय बी कळत न्हाई. सगळी नोकरी पायी फिरण्यात गेली. पर लोक म्हनले, मिलिटरीतला मानूस हाय, तुमीच बघा. तवा न्हाई म्हनाय लाज वाटली. गुरुजी कोन हायत, मला ठाऊक न्हाई. त्यांनी सांगावं."

मग गर्दीतून धोतरातले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. वाकून बाजूला उतरवलेल्या इंजिनाची इंधनाची नळी काढली, गुंडाळून खिशात घातली आणि सुभेदारांच्या शेजारी उभे राहिले. तिसरी फेरी झाली नाही. अकरा माणसांना पथकानं दिवस मावळायच्या आत सुखरूप आणलं.

खटला चालू आहे. सुभेदारांना त्यांच्या वकिलानं सल्ला दिला होता, 'माझी फसवणूक झाली' एवढंच म्हणा, बाकी बोलू नका. त्यांनी ऐकलं नाही. जबाबात त्यांनी मला एक वाक्य घालायलाच लावलं: 'मला बोटीची माहिती नव्हती व ही गोष्ट मी त्या वेळी कोणासही सांगितली नाही.' मी ते लिहिलं, वाचून दाखवलं आणि त्यांची सही घेतली.

मला वाटायचं, लोक फसतात ते लोभानं किंवा भोळेपणानं. या प्रकरणात कुणी लोभी नव्हतं आणि भोळं तर अजिबात नव्हतं. 'मला कळत नाही' एवढं चारचौघांत म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही, म्हणून वीस माणसं बुडायची वेळ आली. शिकलेल्याला आणि हुद्देवाल्याला ते जास्तच जड जातं, हे मी स्वतःवरून सांगतो.

कारण जबाब सगळ्यांचे झाले, माझा कुणी घेतला नाही. तपास माझ्याकडेच होता, कोण घेणार? मीही कुणाला तो घ्यायला सांगितलं नाही आणि तसाच निवृत्त झालो. तो आज इथं देतो. त्या बोटीत मी बसलो होतो, फोटोसाठी हसलो होतो आणि बोट उत्तम आहे असं माईकवरून सांगितलं होतं. मला बोटीतलं काहीही कळत नव्हतं.