राजवाड्यातून गेलेली घुंगरं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी “साहेब, एखादी केस सांगा” म्हणालं, की मला सगळ्यात आधी आठवते ती घुंगरांच्या एका जोडीची चोरी. कुणाचंही नाव न घेता सांगतो.

तेव्हा मी कल्याण तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आंबिवलीच्या पुढे, नदीच्या वळणावर एका छोट्या संस्थानिकाचा राजवाडा आमच्या हद्दीत येत होता. वारसांनी त्याचं हॉटेल केलं होतं आणि दर थंडीत तिथे शास्त्रीय नृत्याचा महोत्सव भरायचा. कलाकार आणि पाहुणे राजवाड्यातच उतरायचे. आमचा बंदोबस्त म्हणजे पार्किंग सांभाळणं आणि उशिरा आलेल्या पुढाऱ्यांना खुर्ची दाखवणं. या ड्यूटीला माझी माणसं हौसेने नाव देत, कारण जेवण राजवाड्याच्या मुदपाकखान्यातलं असे.

त्या दिवशी दुपारी मॅनेजर धावत आला. कोपरहून आलेल्या एका काकूंची घुंगरं कापडी पिशवीसकट खोलीतून गेली होती. काकू साठी ओलांडलेल्या. तरुणपणी कथक करायच्या, मग संसार आणि नोकरीत ते सुटलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मात्र त्यांनी पुन्हा जिद्दीने रियाज सुरू केला होता. त्या संध्याकाळी त्या कित्येक वर्षांनी रंगमंचावर उभ्या राहणार होत्या. घुंगरं त्यांच्या गुरूंनी स्वतःच्या हाताने पायात बांधलेली.

“दुसरी बांधून नाचता येईल हो,” काकू म्हणाल्या, “पण माझे पाय उचलणार नाहीत.”

मॅनेजरने चोर आधीच ठरवून टाकला होता. खोली साफ करणारी जवळच्या गावातली एक मुलगी त्याने ऑफिसात बसवून ठेवली होती. ती रडत होती.

“साहेब, मी फक्त चादरी बदलल्या. पिशवीला हात बी नाय लावला. मला कामावरनं काढतील ना?”

मी तिला पाणी द्यायला लावलं आणि आमच्या हवालदार बाईंना तिच्याजवळ बसवलं. सोन्याचे दागिने, मोबाईल, सगळं खोलीत जागच्या जागी होतं. ते सोडून कुणी पितळेची घुंगरं का नेईल? हा चोर पैशासाठी आलेला नव्हता, एवढं तर उघडच होतं.

मग मी काकूंच्या यजमानांचा जबाब घ्यायला बसलो. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होते. मुलीचा विषय निघाल्यावर घाईघाईने म्हणाले, “छे छे, ती बिचारी काय करणार? तिला सोडा. आणि साहेब, तुम्ही धावपळ करू नका. उद्या सापडली तरी चालतील.”

माझं पेन थांबलं. हरवलेली वस्तू उद्या मिळाली तरी चालेल, असं म्हणणारा माणूस मला तोवरच्या नोकरीत भेटला नव्हता. आणि कार्यक्रम तर आज होता.

तेवढ्यात हवालदार बाईंनी मला बाहेर बोलावलं. फाटकावरच्या वॉचमनने त्यांना एक खबर दिली होती. जेवणानंतर एकच गाडी बाहेर गेली, कोपरच्या काकांची भाड्याची. काका स्वतः खाली आले होते आणि त्यांनी मागच्या सीटवर कापडी पिशवी ठेवली होती.

मी काकूंकडे गेलो. “तुमची गाडी कुठे पाठवलीत?”

“यांनी पाठवली. घरून माझा गुडघ्याचा पट्टा आणायला.”

“पट्टा विसरलात?”

“विसरेन कशी? हा काय बांधलाय.” त्यांनी साडी जराशी वर करून दाखवला. मग गाडी खरी कशासाठी गेली आणि घुंगरं कुठे गेली, दोन्ही गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या.

काकांना मी नदीकडच्या सज्जात नेलं. आवाज चढवायची गरजच नव्हती. मी म्हणालो, “काका, त्या पोरीची नोकरी जाईल.”

त्यांचा चेहरा पडला. “मागच्या महिन्यात रियाज करताना ही स्वयंपाकघरात पडली. घरात मी एकटा. मला तिला उचलता येईना हो! शेजारी येईपर्यंत तिच्या बाजूला नुसता बसून राहिलो. डॉक्टर म्हणतात थोडं नाचायला हरकत नाही. पण ते डॉक्टर तेव्हा तिथे नव्हते.”

काकू मागे येऊन उभ्या होत्या. “मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?”

“नसतं ऐकलं,” काकू म्हणाल्या. आणि त्या सज्जात आम्ही तिघंही हसलो.

काकांनी ड्रायव्हरला फोन लावला. पठ्ठ्या आंबिवलीला वडापाव खात थांबला होता, म्हणून वाचलो. तो उलटा फिरला. दरम्यान काका कुणी न सांगता ऑफिसात गेले आणि मॅनेजरसमोर त्या मुलीला हात जोडून म्हणाले, “चूक माझी आहे, बाळा.” मॅनेजरलाही मग तिची माफी मागावी लागली. ती माफी आमच्या हवालदार बाईंनी त्याच्याकडून खणखणीत आवाजात मागवून घेतली.

गुन्हा दाखल झाला नाही. वस्तू मिळाली, कुणाची तक्रार नाही, अशी स्टेशन डायरीत नोंद केली.

संध्याकाळी दरबार हॉलमध्ये काकू नाचल्या. गिरक्या त्यांनी बेताच्या घेतल्या, पण तबल्याला पायांनी उत्तर देताना त्यांचा चेहरा असा उजळला, की माझे पार्किंगवाले शिपाईसुद्धा दारात येऊन उभे राहिले. काका पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी टोकावर. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी आधी चष्मा काढून पुसला.

हाव, सूड, मत्सर हे हेतू शोधायला आम्हाला शिकवलेलं असतं. प्रेमाने घाबरलेला माणूसही गुन्हेगारासारखा वागू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे घरातल्या चोरीची फिर्याद आली की मी आधी घरच्यांशी निवांत बोलायला लागलो. त्यामुळे बऱ्याच मोलकरणी ठाण्याची पायरी चढायच्या वाचल्या.

काही महिन्यांनी कामानिमित्त कोपरला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. दार काकांनी उघडलं. मला ओळखून हसले. आतून घुंगरांचा, तत्काराच्या पावलांचा आवाज येत होता. त्यांनी मला खुणेनेच बसायला सांगितलं आणि स्वतः लगबगीने आत जाऊन हाताने ताल धरला.