वरच्या सहा काचा

बाईंच्या घराला चौदा खिडक्या. आठ खाली, सहा वर. काचा पुसणारा काचवाला त्या खिडक्यांना एकोणीस वर्षं ओळखत होता, माणसं ओळखावीत तसा. जिन्यातली काच कोपऱ्यात धूळ लपवायची. स्वयंपाकघरातली कितीही पुसा, रुसलेलीच. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तो यायचा, शिडी भिंतीला टेकवायचा, दोनदा हलवून बघायचा आणि चढायचा. रबराची पट्टी एका दमात ओढायची, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथे रेघ उरते.

त्या मंगळवारी शिडी टेकवायच्या आधीच बाईंनी त्याला आत बोलावलं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, घरात एकट्या. मुलाने फोनवर धोशा लावला होता, की सगळीकडे आपोआप साफ होणारी काच बसवून घे. विकणारा माणूस येऊन मापंही घेऊन गेला होता.

"तो तर चांगलंच म्हणणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा. एवढा खर्च करण्यासारखं आहे का हो ते?"

चार दिवसांनी सांगतो, म्हणून काचवाला काम उरकून निघाला.

बाईंनी केलं की गल्ली करते, हे त्याला माहीत होतं. बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "काही उपयोग नाही म्हणा आणि मोकळे व्हा. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस आहे का?"

एक गोष्ट त्याने तिलाही सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात बाईंकडे वरच्या खिडकीशी असताना त्याचा पाय पायरीवरून सुटला होता. कसाबसा सावरला. कुणी पाहिलं नाही, हे नशीब. काचवाल्याचा पाय सुटतो हे एकदा कळलं, की घरं एकेक करून कमी होतात.

ती आपोआप साफ होणारी काच त्याला विकणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, कारण त्याने एक बिघडवली होती. एका घरात नव्या काचेवर रंगाचे शिंतोडे होते. त्याने नेहमीसारखं खरवडायचं पातं फिरवलं. पात्यावरच्या हातासाठी तर त्याचं नाव होतं. पुढच्या पावसात सगळ्या काचेवरून पाणी चादरीसारखं घसरलं, पातं फिरलं तिथे मात्र थेंब बसून राहिले आणि डाग धरले. काचेवरचा लेपच खरवडला गेला होता. त्या घरून पुन्हा बोलावणं आलं नाही.

शनिवारी त्याने बाईंना घराभोवती फिरवलं.

"खालच्या आठ राहू द्या," तो म्हणाला. "त्यांच्यावर छज्जा आहे. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. त्या नव्या काचेला दोन्ही हवं. ऊन मळ सैल करतं, पाऊस धुऊन नेतो. खाली बसवलीत तर साध्या काचेसारखीच पुसावी लागेल."

"आणि वर?"

बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला. "वर बसवा. वर चांगली चालेल. आतून पुसावी लागेलच, पण बाहेरून सहसा नाही. फक्त पातं लावू देऊ नका कुणाला." आणि आपण बिघडवलेल्या काचेची गोष्टही त्याने सांगून टाकली.

बाईंनी वर पाहिलं. "म्हणजे शिडी लागायची नाही."

"नाही."

"बरं झालं. त्या दिवशी तुमचा पाय सुटला, तेव्हा आत माझ्या हातातला कप पडला."

"तुम्ही पाहिलंत?"

"तुम्हीच काच इतकी लख्ख पुसलेली. दिसणार नाही तर काय?"

त्याला हसू आलं, आणि मग ते आवरेना.

नवी काच यायला वेळ होता. मधल्या मंगळवारी त्याने वरच्या सहा बाहेरून शेवटच्या वेळी पुसायला घेतल्या. शिडी टेकवली, दोनदा हलवून बघितली. चढायला लागला तर बाई चपला घालून बाहेर आल्या आणि शिडी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांत त्याने कुणाला शिडी धरू दिली नव्हती.

त्याने पट्टी काचेला लावली आणि एका दमात ओढली.