चिपच्या पायाशी

माझा सारखा बंद पडणारा सर्किट बोर्ड पाहून आमची नवी इंजिनिअर सायली हसली. "सर, रांगोळी काढलीत का? हे कपॅसिटर चिपच्या पायाशी हवेत ना!"

दिसायला नीट म्हणून मी ते वीज साठवणारे चिमुकले भाग कडेला ओळीत लावले होते. चिपला क्षणभरच जास्त वीज लागते, पण ती शेजारूनच मिळावी लागते.

आईच्या आजारपणातही मी सगळं नीट लावलं होतं. नर्स, औषधं, डबा. मी मात्र दुसऱ्या गावी. तिला धाप लागली तेव्हा फोनवर म्हणालो, "निघतोच." ती म्हणाली, "सावकाश ये." पोचलो तेव्हा तिला जमिनीवर घेतलं होतं.

सायलीने चिपच्या पायांवरच कपॅसिटर सोल्डर केले. बोर्ड लगेच सुरू झाला. एवढंच करायचं होतं.