वाढवून सांगितलेली उंची

आमच्या फुंकणीवाल्या डॉक्टरांसमोर आलेला माणूस फुंकल्याबिगर सुटला, असं अख्ख्या मराठवाड्यात कधी झालं नाही. निलंग्याच्या एसटीत त्यांनी कंडक्टरच्या तोंडात नळी दिली होती अन् एका सरपंचाला सत्काराच्या हारासकट फुंकायला लावलं होतं. श्वास मोजायचं यंत्र तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन फिरायचे. परदेशी पुस्तकातलं श्वासाचं माप आपल्या धडधाकट पोरांना लागू पडतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मला म्हणायचे, "मामा, पुस्तक तिकडचं, छाती चाकूरची. चुकतंय कोण ते बघू." लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. दुष्काळ असा, की नळ्या धुवायचं पाणी ते लातुरातून कॅनमध्ये आणायचे. पोरांनी मागितलं की तेच पाजून मोकळे व्हायचे अन् काम उद्यावर टाकून माघारी जायचे.

मी चाकूरच्या शाळेचा शिपाई, दुसरी पास. उंची मोजून ओरडून सांगायचं काम माझं. नव्या जिल्ह्यात कागद जाणार, तिथं आमचीच पोरं खुजी दिसायची? कुणाला दोन बोटं वाढवली, कुणाला तीन. मला काय ठाऊक, त्या पुस्तकात उंचीवरून श्वास ठरतो! जितकी उंची जास्त, तितका श्वास जास्त पाहिजे.

झालं, सगळ्या गावांत आमचीच पोरं कमी भरली. डॉक्टर तीनदा आले. चुलींचा धूर बघितला, पोरांच्या पाठीला कान लावला. शेवटी सगळ्यांत पुढं पळणाऱ्या पोरीच्या आईला म्हणाले, "हिला लातूरला तपासायला आणा." बाईनं पोरीला पदराखाली ओढलं. "दादा, माझी लेक जगंल न्हवं?"

तवा मी बोललो. "साहेब, पोरीत खोट न्हाई. उंची मी वाढवून सांगितली."

डॉक्टर आधी बाईकडं वळले. "ताई, लेक ठणठणीत आहे. मामांनाच तपासायला पाहिजे." मग मला हळूच विचारलं, "कुणाला किती वाढवली?"

ते काही ध्यानात नव्हतं. पुन्हा मोजावं, तर निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली. त्यांनी आमच्या शाळेचं पान वहीतून काढलं, घडी करून खिशात ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. आजूबाजूची गावं त्यांच्या वहीत राहिली, आमचं न्हाई. आमची पोरं खुजी नव्हतीच, हे मी आजही म्हणतो.

परवा डॉक्टर वारल्याचं कळलं. शाळेच्या भिंतीला टाचा लावून ताठ उभा राहिलो. एकदा खरं माप घ्यावं वाटलं. मोजणारं कुणी नव्हतं. गाल फुगवून एक फुंकर तेवढी मारली.