सात नंबर बसली

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नागनाथला सगळे मामा म्हणायचे. पद साध्या मदतनिसाचं, पण डुकराच्या मानेतली शीर त्याला एका टोचणीत सापडायची. डुक्कर किंचाळायला लागलं की भलेभले पदवीधर चार पावलं मागं सरायचे. नागनाथ मात्र जनावराच्या कानाशी काहीतरी पुटपुटत नळी भरून घ्यायचा. सांगोल्याकडच्या शेळ्यामेंढ्यांत वाढलेला माणूस तो. शहरात येऊन चोवीस वर्षं झाली आणि त्याची बोली हळूहळू प्रयोगशाळेची झाली. याचा त्याला अभिमानच होता, कशाला लपवा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख ज्ञानदा मॅडमचं काम डुकरांच्या पांढऱ्या पेशींवर चालायचं. अंगात जंतू शिरला की या पेशी काही प्रथिनं सोडतात. ती सूज चढवतात, ताप आणतात, लढायला आणखी पेशी बोलावतात. मग त्यांच्यातल्याच काही पेशी दुसरी प्रथिनं सोडून म्हणतात, पुरे आता. हे ‘पुरे’ वेळेत आलं तर जनावर तरतं, नाहीतर जंतूपेक्षा सूजच घात करते. मॅडम मामांना हे सगळं संगणकाच्या पडद्यावर दाखवायच्या. रेघ वर गेली की सूज चढली, खाली आली की सूज बसली. खोलीत दिवसभर हेच शब्द, आणि ‘बसली’ म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटायचं.

रक्ताचे नमुने यायचे ते शहराबाहेरच्या राजाबाईकडून. पत्र्याच्या शेडात तिची अकरा डुकरं, कानात नंबरांचे पिवळे बिल्ले. त्यातली सात नंबरची मादी नुकतीच व्यालेली. नऊ पिलं झाली आणि तिची आचळं सुजून टणक झाली. सोमवारी जनावरांच्या डॉक्टरांनी तिला इंजेक्शन दिलं, नागनाथनं रक्त घेतलं. निघताना त्यानं राजाबाईला बजावलं, की सूज कशी आहे ते रोज फोनवर सांगा, बिघडलं तर मी डॉक्टरांना घेऊन तासाभरात हजर. राजाबाईनं त्याचा नंबर पत्र्यावर खडूनं लिहून ठेवला.

गुरुवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा नागनाथ नळ्या यंत्रात लावत होता. फोन खांद्याशी धरला होता, लक्ष नळ्यांत.

“भाऊ, सात नंबर बसली,” राजाबाई म्हणाली.

“बरं झालं की,” नागनाथ म्हणाला. फोन ठेवला आणि नोंदवहीत सातच्या पुढं झोकात लिहिलं, ‘सूज बसली’.

सांगोल्याच्या माळावर शेंबड्या पोरालाही कळतं, की जनावर बसलं म्हणजे ते आता आपल्या पायांनी उठत नाही. शेळी बसली, एवढं बाप म्हणाला की नागनाथची आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावायची. तो स्वतःही तिच्यामागं धावलेला. असा हाडीमाशी मुरलेला शब्द, आणि त्या सकाळी या शहाण्याला तो ऐकूच आला नाही. त्याला ऐकू आला तो पडद्यावरचा.

शुक्रवारी तो पुढचा नमुना घ्यायला गेला, खुशीत, बाळंतिणीला म्हणून गुळाचा खडा घेऊन. शेडात सात नंबर आडवी पडली होती आणि पिलं तिच्या थंड अंगाला लुचत होती. परत फोन का केला नाही, असं त्यानं विचारलं खरं, पण विचारतानाच त्याला सगळं उमगलं.

राजाबाईचा आवाज चढला नाही. “तुमी बरं झालं म्हनला. मला वाटलं, तुमाला मशिनीत काय दिसलं आसंल. शिकल्याल्या मानसाला उलटून कसं इचारायचं?”

ती चार शिव्या देती तर त्याला सोसलं असतं.

सोमवारच्या रक्ताचा निकाल त्या शुक्रवारी संध्याकाळीच आला. सूज चढवणारी प्रथिनं भरमसाट, आवरणारी जवळजवळ नव्हतीच. गुरुवारी डॉक्टर पोचले असते तर वाचली असती का, असं नागनाथनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, “कदाचित, मामा.” त्या एका शब्दानं तो अजून झोपेत कूस बदलतो.

नऊपैकी पाच पिलं बाटलीच्या दुधावर जगली. रोज कॉलेज सुटल्यावर नागनाथ तिकडं जातो, पिलांना पाजतो. राजाबाई त्याला चहा देते, त्या फोनचं नाव काढत नाही, आणि तेच त्याला लागतं. आता फोनवर तो आधी विचारतो, “उभं हाय का जनावर?” प्रयोगशाळेतली पोरं त्याच्या या बोलण्याला हसतात.

सातची नोंद मॅडमनी दुरुस्त करायला सांगितली होती. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या शब्दावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची, असा नियम. नागनाथनं वही उघडली. ‘सूज बसली’ हे त्याचंच वळणदार अक्षर. त्यानं फक्त ‘सूज’वर रेघ मारली आणि सही केली.